खांबावरून दिसणारं पनवेल

"चादर वाळत घालायची तर तार आडवी. मिरच्या पसरायच्या तर तारेवर कावला बसलाय, वरून घाण करतंय. यो माजा सज्जा हाय का त्याच्या खांबाचा खुंटा?"

हे भामा बोलत होती, भिंतीपलीकडे, तिच्या सुनेशी. भिंतीच्या अलीकडे दमयंती आपल्या गच्चीवर उकिडवी बसून सुकट निवडत होती. मधली भिंत कमरेएवढी. जरा मान वर केली असती तर दोघी जावांची नजरानजर झाली असती. दमयंतीने मान आणखी खाली घातली आणि सुपातला हात थांबवला.

"मग सांगा ना काकांना, तार सोडा म्हणून," सून म्हणाली.

"मी सांगू?" भामाचा आवाज एकदम खाली आला. "नारळ फोडलाय त्यानं माज्या छपरावर. डिशला हळदकुंकू मी माज्या हातानं लावलाय. आता कुठच्या तोंडानं सांगू, तुजा नेट काढ म्हणून? तू सांग, तू शिकलेली हाय."

सुनेने ओली चादर पुन्हा पिळायला घेतली. शिकलेली असली तरी तिला त्याच घरात राहायचं होतं.

दमयंतीला राग यायला हवा होता. आपल्या नवऱ्याला कुणी भिंतीआडून बोलतंय म्हटल्यावर बायकोने पदर खोचून उठायचं असतं. पण भामाचं एकूण एक वाक्य तिला पटत होतं, आणि पंचाईत तीच होती. तिने डोकं वर करून खांबाकडे पाहिलं. गच्चीच्या मधोमध बोल्ट मारून उभा केलेला लोखंडी पाइप, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, जरा वाकडा, आणि सगळ्यात वर थाळीएवढी पांढरी डिश. खांब पडू नये म्हणून तीन बाजूंना ताणलेल्या तारा. एक भामाच्या सज्ज्याला, एक स्वतःच्या पाण्याच्या टाकीला, आणि एक रस्त्यापलीकडच्या जांभळाच्या खोडाला. ट्रकवाले वरच्या तारेकडे बघून हॉर्न वाजवायचे. दमयंतीच्या नवऱ्याला, काळूरामला वाटायचं, सलाम करतात.

खांबाच्या बुडाशी स्लॅबला भेग पडली होती. ती भेग मुलगा कुंदन आणि सून रोशनी यांच्या खोलीवर होती. गेल्या पावसाळ्यात रोशनीने पलंगावर टोप ठेवून रात्री काढल्या, तेव्हा ती गरोदर होती. आता ती माहेरी, उरणला, बाळंत होऊन मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सवा महिना उलटून गेला तरी तिची आई दिपा तिला धाडत नव्हती. फोनवर फार गोड बोलायची. "धाडतंय ना विहीणबाय. तुमचा छप्पर झाला की दुसऱ्या दिशी धाडतंय. पोरीच्या टाळूवर पाणी नको ना पडायला." त्यात बोलायला जागाच नव्हती.

मे महिना अर्धा गेला होता. पत्र्याची शेड घालायची तर पावसाच्या आत. पत्रेवाला विठू मोजमाप घेऊन गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "खांब काढून ठेवा." काळूराम म्हणाला, "खांबाला भोक ठेव पत्र्यात." विठू म्हणाला, "शेट, भोक ठेवून छप्पर करायचा तर छप्पर कशाला?" त्यावर काळूराम उठून गुडघा चोळत खाली निघून गेला. विषय तिथेच भिजत पडला.

खांब उभा राहिला तेव्हा गावात असं कुणी भिंतीआड बोलत नव्हतं.

तेव्हा काळूराम टेम्पो चालवायचा. तळोजाच्या कारखान्यांतून माल उचलायचा, पनवेलला टाकायचा. गुडघा गेला आणि क्लच दाबेना. घरी बसलेला माणूस बायकोच्या पायात येतो, तसा तो दमयंतीच्या पायात येऊ लागला. मग एक दिवस पनवेलहून आला तो तोंडभर हसत. लाइन आळीतल्या एका दुकानाच्या माडीवर सुभाष नावाचा माणूस इंटरनेट देत होता. त्यांच्या कोन गावाला वायर टाकायला कुणी तयार नव्हतं, मध्ये एवढा मोठा रस्ता आडवा. सुभाष म्हणाला होता, वायर लागतच नाही, हवेतून येतं. फक्त माझ्या गच्चीवरून तुमची गच्ची दिसली पाहिजे. मध्ये काही नको.

"म्हणजे नजरानजर व्हायला पायजे," काळूरामने बायकोला समजावलं.

"पोरगी बघायला जातात तशी," दमयंती म्हणाली.

"तशीच. एकदा पसंत पडली की काम झाला."

तेव्हा कोनमधून पनवेल दिसायचं. मध्ये सगळी शेतं. त्यातलं एक, मोठ्या रस्त्याला लागून असलेलं, काळूरामचंच.

डोंगराकडच्या वाडीतला अनंता, जो शहाळी काढायला यायचा, तो खांबावर चढला. पायाच्या अंगठ्यांत पाइप धरून सरसर वर गेला आणि डिश फिरवू लागला. खालून काळूराम ओरडला, "पनवेल दिसतंय का?" वरून अनंता म्हणाला, "दिसतंय, शेट. टाकी दिसतंय, देवलाचा कळस दिसतंय, एष्टीस्टँडावर मानसा पन दिसतंत." माणसं दिसत होती की नाही देव जाणे, पण तेवढ्यात खाली घरातल्या नेटच्या खोक्यावरचा हिरवा दिवा लागला आणि दमयंतीने खोक्याला हळदकुंकू लावलं.

मग काळूराम घरोघर गेला. लग्नाची बोलावणी करतात तसा, धुतलेला शर्ट घालून, थोरल्या घरापासून सुरुवात करून. प्रत्येक घराच्या छपरावर छोटी डिश बसली, तिथे नारळ फुटला, घरच्या बाईने डिशला कुंकू लावलं, त्याने प्रसाद वाटला. अर्धं गाव आपलंच, भाऊबंद. नाही कोण म्हणणार? सुभाषने सांगितलं होतं की प्रत्येक घराला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्यायचा. काळूरामला ते पटलं नाही. "एकाला एक नि दुसऱ्याला दुसरा? गावात बरा दिसत नाय." त्याने सगळ्या घरांत नाव एकच ठेवलं, 'काळूराम नेट'. पासवर्डही एकच, गावदेवीचा. त्यामुळे कोनमधला कुठलाही माणूस कुठल्याही ओट्यावर टेकला की त्याचा फोन आपोआप चालू व्हायचा. बाहेरगावाहून आलेले जावई थक्क व्हायचे.

काय ते दिवस होते. बारावीचा निकाल काळूरामच्या पडवीत लागायचा. सातबारा तिथेच निघायचा, रेल्वेचं तिकीट तिथेच. हळदीला त्याला पुढची खुर्ची, मटणाचं ताट पहिलं. एकदा नवऱ्या मुलाच्या बापाने दारात एवढा उंच मांडव घातला की खालच्या आळीचं नेट गेलं. काळूराम स्वतः गेला, हात जोडून म्हणाला, "मामा, मांडव दोन हात सरकवा." मामाने सरकवला. नवरदेवाच्या अंगाला हळद लागलेली असताना मांडव सरकवल्याची कोनमधली ही पहिलीच वेळ. पत्रिकेत 'विशेष उपस्थिती'मध्ये त्याचं नाव छापून येऊ लागलं. टेम्पो चालवताना तो नुसता काळ्या होता. आता नेटशेट झाला.

मग कुंदनचं लग्न जमवायची वेळ आली. घराला वरचा मजला नव्हता. मुलीवाले येऊन जिना शोधायचे. रस्त्याकडचं शेत खारं झालं होतं, भाताला लोंबी धरत नव्हती. एके संध्याकाळी ओट्यावर बसून दमयंतीने सांगितलं, "विका." काळूराम गुडघा चोळू लागला. ती पुन्हा म्हणाली, "त्या मातीत काय पिकतंय आता? पोराचं घर तरी हुभं राहील." पुढच्या आठवड्यात त्याने पनवेलला जाऊन सही केली. मजला चढला, खांब वरच्या नव्या गच्चीवर गेला, रोशनी आली, लग्नाची हळद गावात गाजली. खांबावर त्या दिवशी झगमगत्या माळा सोडल्या होत्या. मोठ्या रस्त्यावरूनसुद्धा दिसत होत्या, असं लोक म्हणाले.

आणि त्या शेतात एक बिल्डिंग उगवली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाया, मग खांब, मग एक स्लॅब. नेट जरा अडखळू लागलं. काळूरामने एक पाइप आणून खांब वाढवला. अनंता चढला. "पनवेल दिसतंय का?" "दिसतंय, शेट." बिल्डिंगने आणखी स्लॅब टाकले. काळूरामने आणखी एक पाइप टाकला. त्यांच्याकडे क्रेन होती, याच्याकडे अनंता. वाऱ्याने खांब झुलू लागला तेव्हा तारा आल्या, आणि तारांमागून स्लॅबची भेग आली.

नेट का अडखळतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मान वळवली की दिसत होतं, बारा मजली. पण काळूरामच्या तोंडावर ते कसं म्हणणार? त्याने स्वतः विकलेली जागा. आणि दमयंतीसमोर तर नाहीच. मग काहीतरी कारण हवं म्हणून कुणीतरी जांभळाचं नाव घेतलं. "जांभूल आडवा येतंय, भावजी. पानं लई झालीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. बिचारं जांभूळ रस्त्याच्या कडेला, पनवेलच्या उलट्या दिशेला उभं. अनंताने त्याच्या फांद्या छाटल्या. नेट सुधारलं नाही, म्हणून आणखी छाटल्या. शेवटी नुसतं खोड आणि शेंड्याला केसांचा झुबका उरला. त्या वर्षी गावाला जांभळं मिळाली नाहीत. कुणी ब्र काढला नाही.

तोवर मोबाइलचं नेट स्वस्त झालं. इतकं स्वस्त की लोक फुकट समजून वापरू लागले. मागाहून फायबरवालेही मोठा रस्ता ओलांडून आले. सुभाषने पनवेलच्या माडीवरची बाकी सगळी गिऱ्हाइकं सोडून खाली मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली. पण काळूरामच्या दिशेची एक डिश त्याने चालू ठेवली होती. म्हणायचा, "काळूशेट बंद करेपर्यंत मी कसं करू? वाईट दिसतं."

पहिली चलाखी कुंदनने केली. तळोजाच्या कारखान्यात तो पाळीने कामाला होता. घरी आल्यावर त्याला मॅच बघायची असायची आणि मॅच फिरत राहायची. त्याने सिमकार्डाचा एक छोटा खोका आणला आणि टीव्हीच्या मागे लपवला. त्याला नाव दिलं 'काळूराम नेट'. पासवर्ड गावदेवीचा.

"बाबांच्या फोनला कळता नये," तो आईला म्हणाला.

"नि बाबांना?"

"बाबांना फोन सांगेल तेवढाच कळतंय."

आठवड्याभरात भामाच्या घरी तसंच झालं. मग खालच्या आळीत. प्रत्येकाने आपापला खोका आणला, आपापलं फायबर घेतलं, आणि त्याचं बारसं 'काळूराम नेट' म्हणूनच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. काळूराम संध्याकाळी गावातून फेरी मारायचा, हातात फोन धरून, आणि घरी येऊन म्हणायचा, "जांभूल छाटला ते बरा झाला. सगलीकडं फुल्ल हाय." दमयंती ताटात भात वाढत म्हणायची, "हो ना." जागा विकायला कुणी लावली, हे त्याने कधी काढलं नव्हतं. काढलं असतं तर ती भांडली असती आणि मोकळी झाली असती.

शिमग्याच्या जरा आधी काळूरामने ठरवलं की त्या बिल्डिंगच्या गच्चीवरच एक डिश बसवायची. तिथून पनवेलही दिसेल आणि कोनही. दमयंती सोबत गेली, कारण त्याचा गुडघा आणि तिचं मन दोन्ही ठिकाणावर नव्हतं.

गेटवर वॉचमनने अडवलं. "किसके यहाँ जाना है?"

काळूरामने पायाखालच्या फरशीकडे बोट केलं. "हिथं माजी पेरणी व्हायची," तो म्हणाला.

"फ्लॅट नंबर?"

"आमच्या टायमाला नंबर नव्हता."

वॉचमनने वहीत 'प्लंबर' लिहिलं आणि आत सोडलं.

सेक्रेटरी बाईंचं नाव अनुया. चांगली बाई होती, तिने कोकम सरबत दिलं. लादी इतकी गुळगुळीत की दमयंती पाय आखडून बसली. तिचा हिशेब चालला होता की इथेच कुठेतरी खळं होतं, बहुतेक सोफ्याच्या खाली. काळूरामने सगळं समजावून सांगितलं. नजरानजर, डिश, पनवेल. अनुयाने मान हलवत ऐकलं आणि मग ती गॅलरीत जाऊन एकदम वळून म्हणाली, "अय्या, तो पोल तुमचा आहे का? माझा मुलगा रोज त्याला गुड मॉर्निंग करतो. आम्ही त्याला जिराफ म्हणतो."

काळूरामने गॅलरीतून पाहिलं. त्याने आपला खांब लांबून, वरून, पहिल्यांदाच पाहिला. बारीक, वाकडा, तीन तारांनी धरून ठेवलेला, आणि गॅलरीपेक्षा किती तरी खाली.

"काका, टेरेसवर काही लावायला सोसायटी परवानगी देत नाही हो," अनुया हळू आवाजात म्हणाली. "आणि खरं सांगू का? आमच्याकडे सगळ्यांकडे फायबर आहे. तुमच्याकडेही आलंय आता. तुम्हीच घ्या ना एक कनेक्शन. मी नंबर देते."

तिने नंबर दिला. काळूरामने तो खिशात ठेवला, सरबताचा पेला बशीत नीट ठेवला, नमस्कार केला. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "सरबत चांगला होता." दमयंती म्हणाली, "साखर जास्त होती."

शिमगा झाला. त्यानंतर काळूराम बिलं मागायला कुणाकडे गेला नाही. "बघू पावसाल्यानंतर," म्हणायचा. नवीन पाइपही आणला नाही. पण खांब काढायचं नाव घेतलं की गुडघा चोळायचा. नेटचा मूळ खोका जिन्याखालच्या अडगळीत होता. तिथे तो कुणाला जाऊ देत नसे. "शॉक बसंल."

सुकट निवडून झाल्यावर दमयंती भिंतीवरून वाकली आणि तिने भामाला गाठलंच.

"भामाबाय, उद्या विठू यायचाय. तुमी थोरल्या. तुमी सांगितला तर ते ऐकतील."

भामा दचकली. आपलं मघाचं बोलणं कितपत ऐकू गेलं याचा तिने चेहऱ्यावरून अंदाज घेतला. "काय सांगू?"

"तुमचा नेट बंद हाय म्हणून सांगा. बस. तुमी एकटीनं सांगितला की बाकीचे सांगतील. माजी नात उरणला पडलीय, बाय."

नातीचं नाव काढल्यावर भामा विरघळली. "सांगतंय. तोंडावर सांगतंय. मी काय त्याला भितंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विठूची माणसं अँगल आणि पत्रे घेऊन गच्चीवर आली. लोखंड तापायला लागलं होतं. अनंता आला, कोयता आणि पान्हा कमरेला लावून. कुंदन रात्रपाळी करून आला होता, लाल डोळ्यांनी फोन धरून उभा होता. फोनवर उरणहून रोशनी होती आणि तिच्या मांडीवर मुलगी. "आये, नीट दाखवा गच्ची, मम्मीला बघायचीय." मागून दिपाचा आवाज आला, "आमाला काय घाई नाय हो." भामा आली, तिची सून आली, खालच्या आळीचे चारपाचजण आले. तार सोडताना धरायला माणसं लागणार होती म्हणून.

काळूराम डोक्याला टॉवेल बांधून खांबाशेजारी उभा होता, एक हात खांबावर. टाकीवर त्याने एक नारळ ठेवला होता. शेडच्या मुहूर्ताचा असेल, असं दमयंतीला वाटलं.

"विठू, थांब," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना इचारल्याबिगर मी कसा काढू? कुणाची लाइन चालू असंल तर तोडता येत नाय. वयनी, तुमी थोरल्या. तुमचा नेट चालू हाय का?"

दमयंतीने भामाकडे बघितलं. भामाने पदर सारखा केला, घसा खाकरला, काळूरामच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या दाढीचे पांढरे खुंट घामाने चमकत होते.

"चालू हाय, भावजी," भामा म्हणाली.

"फुल्ल?"

"फुल्ल. काल रातच्याला दोन सिनेमे बघितले."

"तुमचा?" काळूराम पुढच्याकडे वळला.

"एक नंबर, शेट."

"तुमचा?"

"अहो, तुमच्यासारखा नेट नाय कुठं."

असं करत ते रांगेने सगळ्यांकडून आलं. कुंदनने फोनमध्ये तोंड घातलं. फोनमधून रोशनी म्हणाली, "बाबा, माजा पन इथं चित्र एकदम साफ येतंय." दमयंतीला वाटलं, आता या सगळ्यांना, बारा मजल्यांसकट, खांबाला बांधून ठेवावं.

विठू घाम पुसत म्हणाला, "निर्णय काय तो घ्या. पण अनंता वर चढायच्या आधी करंट तरी बंद करा."

"मी करतंय," काळूराम घाईने म्हणाला आणि जिन्याकडे वळला. गुडघा अडला. तोवर दमयंती खाली पोचलीही होती. ती रागाने उतरत होती आणि राग गुडघ्यात येत नाही.

जिन्याखाली अंधार होता. तिने बॅटरी लावली. खोका फळीवर होता, त्यावर धुळीचा थर. हिरवा दिवा नव्हता. तिने बटण बंद करायला हात घातला आणि पाहिलं तर पिन काढून, वायर नीट गुंडाळून खोक्यावर ठेवलेली. वर दोरी बांधलेली, टेम्पोत तो ताडपत्रीला बांधायचा तशी गाठ मारून. आणि सॉकेटच्या तिन्ही भोकांवर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. पक्कं, वाळलेलं. तिने बोटाने दाबलं तेव्हा एक ढेकूळ सुटून तिच्या हातावर पडलं. आत पिल्लं नव्हती. ती मोठी होऊन उडूनसुद्धा गेली होती.

दमयंती तिथेच पायरीवर बसली.

म्हणजे शिमग्याला बिलं मागायचं सोडलं तेव्हाच त्याने हे बंद केलं होतं. फेरी मारून आल्यावर "सगलीकडं फुल्ल हाय" म्हणत भात कालवणाऱ्या या माणसाला माहीत होतं, की गावात फिरतंय ते त्याचं नाही. ज्या ज्या घरासमोर फोन चालू झाला, त्या त्या घराने त्याचं नाव राखलंय, हे त्याला घरागणिक माहीत होतं. आणि आता वर तो एकेकाला विचारत होता ते त्यांना खोटं पाडायला नव्हे. ते खोटं बोलत राहिले तर कुणालाच मान खाली घालावी लागत नव्हती. तिलाही नाही. तिला तर मुळीच नाही.

ती वर आली तेव्हा अनंता अर्ध्या खांबावर चढून लटकत होता. ऊन डोक्यावर आलं होतं. तारा पकडून माणसं उभी होती. काळूरामने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांना लागलेल्या मातीकडे. त्याने डोळे फिरवले नाहीत. नुसती मान जराशी हलवली, नको म्हणून.

वरून अनंताने विचारलं, "बाय, बंद केला का?"

केला म्हणायचं होतं. तेवढंच. मग सगळे म्हणाले असते, "अरेरे, चांगला चाललेला नेट, छपरासाठी काढावा लागला." गावभर तसंच सांगितलं गेलं असतं, वर्षानुवर्षं, आणि जांभूळ बिचारं कधी सुटलं नसतं.

"मी नाय केला," दमयंती म्हणाली. "बंदच हाय. शिमग्यापासून बंद हाय. सॉकेटात कुंभारणीनं पोरं वाढवली."

"पण माज्याकडं तर काल..." भामाच्या तोंडून निघालं आणि तिने ते गिळलं.

"तुमच्याकडं तुमचा हाय, भामाबाय. यांच्याकडं यांचा. माज्या घरात टीव्हीच्या मागं कुंदनचा." कुंदनने फोन उलटा छातीशी धरला. फोनमधून बाळाच्या रडण्याचा आवाज येत राहिला. "नि जांभलानं काय केला नाय. बिल्डिंग आडवी आली. त्या बिल्डिंगची जागा विका, असा मी बोललेली. ओट्यावर बसून. दोनदा बोललेली."

तारा धरलेल्यांनी तारा आणखी घट्ट धरल्या. विठूने हातातला पत्रा आवाज न करता खाली ठेवला.

काळूरामने डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं, पुन्हा एकदा पुसलं. मग टाकीकडे गेला आणि नारळ उचलून दमयंतीच्या हातात दिला. "सही माजी हाय त्या कागदावर," तो म्हणाला. "तू काय कागदावर बोललेली नाय. घे. सुरू करताना मी फोडला, बंद करताना कुणी फोडायचा ते भटजींना पन माहीत नाय."

मग त्याने खांबावर हात ठेवून मान वर केली. पूर्वी करायचा तशी.

"अनंता. पनवेल दिसतंय का?"

अनंता आणखी दोन हात वर सरकला. एका हाताने कपाळावर आडोसा धरून त्याने बराच वेळ पाहिलं. खाली सगळे त्याच्या तळपायांकडे बघत होते.

"नाय, शेट," तो म्हणाला. "दोन दिवाल्या झाल्या, नाय दिसत. बिल्डिंगच दिसतंय. एक बाय हाय गच्चीवर, चादर वाळत घालतंय."